डब्याच्या पिशवीतले फोन

नाव अशफाक खान करीम खान, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (कनिष्ठ लिपिक), रा. वाशिम. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी रिसोड येथील एका कार्यालयात नोकरीस आहे. धूर कमी व्हावा म्हणून कार्यालयाने मोबाइलवर ॲप सुरू केले. एकाच वाटेच्या चौघांचा त्यात गट लागतो व त्यांनी एका गाडीत यावे असा हुकूम आहे. माझ्या गाडीला मुख्य लिपिक नानाजी, लेखापाल मुकेश व शुभांगी मॅडम यांची नावे लागली. चार दिवस एकत्र आलो. नानाजी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन पुढच्या खिडकीतून थुंकत व ते मागे मुकेशच्या अंगावर येई. मुकेशला स्वतःची नवी गाडी मिरवायची होती. मॅडमना मुलीला शाळेत सोडून निघावे लागे. म्हणून पाचव्या दिवसापासून तिघे आपापल्या गाडीने येऊ लागले व त्यांचे फोन माझ्या डब्याच्या पिशवीत. ॲपला चौघे सोबत दिसत. युक्ती मुकेशची, पिशवी माझी. नानाजी व मुकेश यांच्याकडे दुसरा फोन आहे. मॅडमकडे एकच.

दिनांक ११ रोजी सकाळी ९.१० वाजता मॅडमनी नाक्यावर फोन दिला. "घरून फोन आला त उचलजा भाऊ," असे त्या म्हणाल्या. गाडीत मी एकटा होतो. ९.५५ वाजता मी कार्यालयात पोचलो व फोन नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलावर ठेवला.

१०.३० वाजता त्यांच्या सासू मनकर्णाबाई यांचा फोन आला. "सून पोचली काय?" मी म्हणालो, "हो मावशी. मीटिंगमधी हायेत." मॅडमची खुर्ची रिकामी मला दिसत होती. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही लिहून घ्यावे.

त्या वेळी मुलीला शाळेत सोडून निघालेल्या मॅडम वाटेतल्या रिठदजवळ रस्त्याकडेच्या नालीत पडलेल्या होत्या. स्कूटीसमोर रोही हे जनावर आडवे आले होते. ११.१५ वाजता शेळ्या चारणारे खेमा यांनी त्यांना पाहिले व मॅडमनी सांगितलेला सासूचा नंबर लावला. मनकर्णाबाई त्यांना म्हणाल्या, "खोटं नको बोलू. माह्यी सून हापिसात हाये, साहेबानं आताच सांगतलं," व फोन ठेवला. मग खेमा यांनीच मालवाहू ऑटो थांबवून मॅडमना दवाखान्यात नेले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. लवकर आणले असते तर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले.

कागदावर मॅडम ९.५५ पासून कार्यालयात हजर आहेत. त्या न विचारता खाजगी कामाला बाहेर गेल्या व पडल्या, असा अहवाल नानाजी करत आहेत. तो वर गेला तर मॅडमना मदत मिळणार नाही, नोकरीही जाईल. मी हटकले तेव्हा नानाजी म्हणाले, "ॲप खोटं बोलते काय? तू कायले फसून राह्यला? आपल्याले धूर वाचवल्याचं सर्टिफिकेट भेटून राह्यलं." बोलताना त्यांच्या तोंडात खर्रा होता. मला त्यांची किळस आली. माझीही येते. त्या पिशवीत मी आता डबा नेत नाही.

काल मी मॅडमना दवाखान्यात भेटलो. त्यांनी एवढेच विचारले, "सासूबाईचा फोन उचलला होता ना भाऊ?" मी हो म्हणालो.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "गाडीत आम्ही चौघे होतो" असे पडले होते, ते खोडून "गाडीत मी एकटा होतो" असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.