शनिवारचे घर

माझा जन्म खंडाळ्याजवळच्या एका लहान खेड्यातला. वडील भिक्षुकी करीत. ते गेल्यावर आईने मला आठव्या वर्षी वाईच्या पाठशाळेत धाडले. बरोबर एक पंचा, एक तांब्या आणि एवढाच उपदेश, की बाळ, ज्या गावाचे अन्न खाशील त्या गावाला तुझ्या तोंडून उणा शब्द जाऊ देऊ नकोस. पाठशाळेत विद्या मिळे, अन्न मिळत नसे. अन्नासाठी वार लावावे लागत. वार म्हणजे काय, हे तुमच्या वयाच्या माणसाला सांगायलाच हवे. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांनी वाटून घ्यायचे. मला सहा घरे मिळाली. शनिवारचे मिळाले नाही. शनिवारी मी घाटावर बसून मूठभर शेंगदाणे खाई, वर कृष्णेचे पाणी पिई, आणि कोणी विचारले तर सांगे, शनिवारचा माझा उपास असतो.

पुढे सांगलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की चेंडू अधूनमधून खिडकीतून वर्गात येई आणि चाललेली विभक्ती तिथेच राही.

तर निवृत्तीनंतर एके सकाळी आमच्या पेठेतल्या तालमीचे सर्जेराव घरी आले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, तालमीच्या फुटबॉल संघाचा वस्ताद. म्हणाले, गुरुजी, तुमची वरची खोली भाड्यानं द्या, आपला संघ आता पगारी झालाय, तासगावचं एक बेदाण्याचं व्यापारी पाठीशी हायेत, आफ्रिकेतनं खेळाडू आणलाय, लय गुणी हाय. असा लामिन आमच्याकडे राहायला आला. उंच, सावकाश बोलणारा, पहाटे अंगणात चटई अंथरून नमाज पढणारा. माझी संध्या आणि त्याचा नमाज एकाच वेळी चाले, आणि आमची ही मला म्हणे, अहो, घरात आता देवाला दोन्हीकडून लक्ष ठेवावे लागते.

दोन महिन्यांत व्यापाऱ्यांचे मन फिरले. संघाची खाणावळ बंद झाली, हंगाम अर्धा राहिला. सर्जेराव ओट्यावर डोके धरून बसले. म्हणाले, गुरुजी, पगाराचं नंतर बघू, पन पोरगं उपाशी कसं पळायचं? आणि काय सांगू तुम्हाला, विचार न करताच माझ्या तोंडून निघाले, वार लावा.

दुपारपर्यंत सहा घरे ठरली. सोमवार स्वतः सर्जेरावांचा, मंगळवार सायकलवाल्याचा, असे करत शुक्रवारपर्यंत आणि रविवारही. शनिवार मी कोणाला दिला नाही, तो आमच्या घरी ठेवला. सर्जेराव थट्टा करीत, गुरुजी, तुमच्याकडं वरनभात खाऊन पोरगं रविवारी गोल घालतंय, माझ्याकडं सोमवारी तांबडा रस्सा वरपून मंगळवारी झोपतंय, ह्यो कुठला न्याय!

एका शनिवारी हिने दाण्याची आमटी केली. लामिनने पहिला घास घेतला आणि तो थांबला. म्हणाला, ही माझ्या आईची आहे. त्याचा देश गांबिया, आपल्या सातारा जिल्ह्याएवढा, एका नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, आणि पीक भुईमुगाचे. भातावर दाण्याचे कालवण घालून सगळे घर एकाच मोठ्या परातीभोवती जेवते म्हणे. मग तो आपल्या गावच्या क्लबविषयी बोलला. मैदान वाळूचे, पाठीराखा आज आहे तर उद्या नाही. मी विचारले, एवढ्याशा देशात असा क्लब चालावा तरी कसा? तो म्हणाला, चालत नाही, गुरुजी, पण बंद पडला की मुले होडीत बसून समुद्रापलीकडे कामाला निघतात. माझा धाकटा भाऊ बसला. होडी पोचली नाही.

हिने त्याच्या भातावर आणखी एक पळी आमटी वाढली. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, गुरुजी, तुम्ही लहान असताना शनिवार कोणाच्या घरी होता? माझ्या जिभेवर साठ वर्षांपूर्वीचेच उत्तर आले. मी म्हणालो, शनिवारी उपास, मूठभर दाणे आणि पाणी, तशी रीतच होती. ज्या वाईने सहा दिवस जेवू घातले तिचे उणे सांगवेना, हे खरे. पण लाजही होती, हेही खरे.

हंगाम पुरा करून तो गेला. वर्षाने त्याचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागे वाळूचे मैदान, धावणारी मुले आणि एक फळा. म्हणाला, गुरुजी, क्लब उघडला, वार लावले, प्रत्येक घरी सगळा संघ एका परातीभोवती बसतो आणि यंदा एकही मुलगा होडीत बसला नाही. फळ्याच्या माथ्यावर आपला ‘वार’ शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला होता, WAR. तो वाचून तिथला एक अधिकारी घाबरून म्हणाला होता म्हणे, युद्ध कोणाशी? मी हसलो, आणि हसता हसता फळा वाचू लागलो. सहा दिवसांपुढे सहा घरांची नावे. शनिवारपुढे लिहिले होते, उपास, गुरुजींची रीत.

रविवारी त्यांचे सामने असत. माझ्या एका असत्यामुळे समुद्रापलीकडची वीस मुले शनिवारी मूठभर दाण्यांवर राहत होती! जे हिलादेखील कधी सांगितले नव्हते ते मी तिच्यासमोर सांगितले, की लामिन, ती रीत नव्हती रे, मला सातवे घर मिळाले नव्हते.

तो म्हणाला, गुरुजी, आम्हालाही मिळाले नाही. दारोदार हिंडलो. पण तुमची रीत होती म्हणून शनिवारी कोणाची मान खाली गेली नाही, आणि न देणाऱ्या घरांनाही कोणी नावे ठेवली नाहीत.

काय सांगू तुम्हाला! जन्मभर मी शब्दाचे सामर्थ्य शिकवले, पण पाहिले ते त्या दिवशी. घाटावरच्या एका उपाशी पोराने लाजेपोटी उच्चारलेला शब्द कुठल्या नदीकाठी जाऊन कोणाची लाज राखून बसला होता! मी हात जोडले. कोणाला, ते मला अजून सांगता येत नाही.

असा क्लब किती वर्षे टिकेल, हे मला कळत नाही. सर्जेराव म्हणतात, चार घरं उघडी हायेत तवर चालतंय. लामिनने विचारले, मुलांना खरे सांगू का? मी म्हटले, सातवे घर मिळेल त्या दिवशी सांग. तेव्हापासून मी शनिवारी मूठभर दाण्यांवर असतो. पहिल्या शनिवारी ही म्हणाली, अहो, या वयात नवा उपास कशाला? मी म्हटले, नवा नाही गं, वाईचाच आहे, आता कुठे खरा होतो आहे. तिने आपल्यापुढेही दाण्यांची वाटी घेतली. त्या मुलांना सातवे घर लाभो. त्या दिवशी आम्हा दोघांचे पारणे.