जावेने लपवलेल्या गोळ्या

डॉक्टरांसमोर खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझी धाकटी जाऊ माधुरी खोटं बोलली तेव्हा मला गप्प बसवलं नाही.

तिची एका पायाची पोटरी सुजून दुखत होती. त्यात जिना चढताना दम लागला, म्हणून आम्ही तिला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. सासूबाईही तपासणीच्या खोलीत आल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही," माधुरी म्हणाली.

ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते, हे घरात तिच्या नवऱ्याशिवाय फक्त मला माहीत होतं. कोणा डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणायची. सासूबाईंना नातवाची घाई होती ना. तिने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. तरी मी बोलून टाकलं, "घेते ती. गर्भनिरोधक गोळ्या."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "त्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होऊ शकते. आता एकही घ्यायची नाही. आधी पायाची सोनोग्राफी करा."

गुठळी निघालीच. तिला लगेच दाखल करून रक्त पातळ करायची औषधं सुरू केली.

बाहेर सासूबाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "मले इतकी भेत होती का वं ते?"

त्या उठून आत गेल्या आणि माधुरीच्या उशाशी बसल्या.

"नातवाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "आता दुसरा उपाय कोणता करायचा, ते माह्यासमोरच विचार डॉक्टरले."