छत्रीच्या मागे या

...नाही, परिषदेच्या दारात बिल्ला दिला हो, बिल्ल्याबद्दल माझी तक्रारच नाही! चांगला प्लॅस्टिकच्या कव्हरातला, गळ्यात लाल फीत. पण तुम्हाला सांगतो, त्यावर लिहिलंय काय? वर ठळक अक्षरांत बायकोचं नाव, तिचा हुद्दा, तिचं खातं, आणि खाली, डोळे तपासायच्या तक्त्यावर ती सगळ्यात शेवटची ओळ असते ना, वाचली तर शाबासकी मिळते ती, तेवढ्या बारीक अक्षरांत... "यांच्या सोबत". संपलं! माझं नाव नाही, गाव नाही, काही नाही. अहो, माझं चष्म्याचं दुकान आहे, अर्धं शहर माझ्या काचांतून जग बघतं, आणि इथे मी कोण? तर मी आपला सोबत.

टेबलामागच्या गृहस्थांना म्हटलं, "साहेब, माझं नाव राहिलंय." तर त्यांनी यादीवरून मान वर केली, नाकावर सैल झालेली फ्रेम, माझे हात शिवशिवले, आणि म्हणाले, "सोबतच्यांना नाव नसतं. सोबतच्यांना सहल असते."

आता परिषद कसली? तर पाणीवाल्यांची. आमच्या बाईसाहेब पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. खास काम म्हणजे गळती शोधणं. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते ही बाई रस्त्याला कान लावून सांगते! खरंच! एक लांब लोखंडी काठी असते, तिचं एक टोक नळावर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून उभी. येणारेजाणारे बघतात, कुणी म्हणतं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" आणि ती म्हणते, "शू! इथे खणा." खणलं की पाणी! मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघितलंय, आणि अनोळखी माणसांना थांबवून सांगितलंय, "ती माझी बायको."

बाहेर हा दरारा, आणि घरी? घरी आमच्या मोरीच्या भिंतीत नळ गळतोय. आज नाही, केव्हाचा गळतोय. भिंतीला पोपडे आलेत, पलीकडच्या कपाटातल्या माझ्या सदऱ्यांना ओलीचा वास येतो. प्लंबर आणला तर बाईसाहेब दारात आडव्या. "हात लावायचा नाही!" "अगं पण का?" "सांगेन." मग काय, मुकाट्याने पोपडे झाडतो. घरातही मी आपला सोबत.

तर या परिषदेत तिचं भाषण होतं. आयुष्यातलं पहिलं! इतकी वर्षं वरचे साहेब जायचे, हिचंच काम वाचून दाखवायचे आणि हिच्यासाठी परिषदेची पेनं घेऊन यायचे. आमच्याकडे पेनांचा डबा आहे भरून. या खेपेला हिने स्वतः निबंध पाठवला, तो निवडला गेला, आणि वेळ मिळाली दुपारी तीनची, दालन मिळालं मागच्या जिन्याने वर, कोपऱ्यातलं. तरी म्हटलं, ठीक आहे. पण सकाळी कळलं, त्याच दिवशी नगरदर्शन! अर्धी परिषद बसमध्ये! आयोजक म्हणे, "काळजी करू नका, जेवायला सगळे परत."

हिने मलाही बसमध्ये ढकललं. म्हणाली, "अहो, तुम्ही समोर बसलात की माझ्याबरोबर ओठ हलवता, मला वाटतं माझंच चुकतंय." आता भाषण पाठ झालं त्याला मी काय करू? रोज रात्री जेवताना तेच तोंडी लावायला होतं! मग म्हणाली, "जा, फिरून या. पण तीनला पहिल्या रांगेत. कुणीच नाही आलं तरी एक डोकं मला समोर पाहिजे." आणि हे म्हणताना ना, तिने माझ्या बिल्ल्याची फीत सरळ केली. काय समजायचं ते मी समजलो. काठी कानाला लावून रस्त्यात निर्धास्त उभी राहणारी बाई, तिचे हात गार पडले होते.

तर बस. आणि बसमध्ये गाईडबाई! उंच, खणखणीत आवाज, हातात पिवळीधमक छत्री. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री कशाला? तर निशाण! "मंडळीऽऽ! डावीकडे बघू नका, उजवीकडे बघू नका, छत्री बघा! छत्रीच्या मागे या!" आणि सांगतो काय, मोठमोठे मुख्य अभियंते, धरणं बांधणारी माणसं, बदकाच्या पिल्लांसारखी छत्रीच्या मागे! बाजार बघितला, घड्याळाचा मनोरा बघितला. मनोऱ्यापाशी त्या म्हणाल्या, "हे घड्याळ कधी थांबत नाही," मी म्हटलं, "बाई, तुम्ही पण थांबू नका, तीनला पोचायचंय." तर, "काका, होतंय, होतंय!" होतंय कसलं? जेवणही बाहेरच उरकलं. मग नक्षीकामाचं दुकान. तिथे गोल फ्रेमवाल्या एक बाई, त्याही कुणाच्या तरी सोबत, लाकडी हत्ती घेऊ की लाकडी घोडा यावर अडून बसल्या. मी म्हटलं, "दोन्ही घ्या हो, पण निघा!" त्यांनी ते सोडून तिसरंच घेतलं. उंट! आणि तो बांधून देईपर्यंत माझा जीव टांगणीला. तिकडे हिच्यासमोर रिकाम्या खुर्च्या, इकडे मी उंटाच्या सोबत!

शेवटी संग्रहालय. तिकिटांना रांग. गाईडबाई वळल्या, मी आपला सगळ्यात पुढे, सारखा घड्याळ बघत. म्हणाल्या, "काका, तुम्ही सारखे पायात येताय, जरा धरा ही. उंच धरा हं, मंडळी पांगतील!" आणि छत्री माझ्या हातात कोंबून गेल्या खिडकीकडे. मी धरली, उंच धरली. आणि मान वळवतो तर काय... पुलापलीकडे आमच्या परिषदेची इमारत! दिसतेय! चालत जाण्यासारखी! मनोऱ्याच्या घड्याळात तीन वाजायला आलेले. मग तुम्हीच सांगा, मी काय करणार? सुटलो. तडक पुलावरून. डोक्यात एकच, पहिली रांग, एक डोकं.

मागे पावलं वाजत होती, म्हटलं, वाजू देत, गावाचा पूल आहे, लोक चालणारच. चौकात थांबलो, पावलं थांबली. निघालो, निघाली. वळून बघायला सवड कुणाला? मागच्या दाराने घुसलो. आदल्या दिवशी सगळे पुढच्या गालिच्यावरून आलेले, हे दार कुणी बघितलेलंच नव्हतं. समोर खरकट्या पातेल्यांचा डोंगर, आणि माझ्या मागून आवाज, "हे बहुधा जुनं स्वयंपाकघर!" दुसरा म्हणतो, "किती छान जपलंय!" आणि फोटो! पातेल्यांचे! मी वळलो... अख्खी बस माझ्या मागे! उंटासकट! आणि माझा हात वर, हातात छत्री, पिवळीधमक! तेव्हा कळलं हो, की मी नुसता आलो नाही, निशाण घेऊन आलोय.

आता सांगायचं काय? "मंडळी, चूक झाली, परत फिरा"? वर जिना, जिन्याच्या टोकाला ते दालन, उघड्या दारातून हिचा आवाज येतोय, "सन्माननीय उपस्थितहो..." आणि उपस्थित कोण? अध्यक्ष, प्रोजेक्टरवाला, आणि शेवटच्या रांगेत रिमलेस फ्रेमवाले एक आजोबा, झोपलेले! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडातून कुणाचा आवाज निघाला मला माहीत नाही. छत्री उंच केली आणि खणखणीत ओरडलो, "मंडळीऽऽ! छत्रीच्या मागे याऽऽ!"

आली! सगळी आली! आणि बसली, कारण सकाळपासून पायांचे तुकडे पडलेले आणि गाईडबाईंनी कुठे टेकू दिलं नव्हतं. खुर्च्या पुरेनात! हिने माझ्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि जी सुटली... काय बोलली म्हणून सांगू! म्हणाली, "मी बोलण्यापेक्षा तुम्हीच ऐका." दोन आवाज लावले. एक धडक्या नळाचा, एक गळक्या. अख्खं दालन डोळे मिटून, माना वाकड्या करून ऐकतंय, धरणवाले, उंटवाल्या, झोपलेले आजोबासुद्धा जागे होऊन! तेवढ्यात दार धाडकन उघडलं, गाईडबाई, केस विस्कटलेले, हातात गठ्ठाभर तिकिटं, "माझी छत्रीऽऽ!" आणि अख्खं दालन एका आवाजात, "शूऽऽ!" बाई बसल्या. बसल्या म्हणजे काय, मान वाकडी करून ऐकायलाच लागल्या!

आणि तो दुसरा आवाज, सुऽऽ... मग एक बारीक टिक्... मग सुऽऽ... तो आवाज मी झोपेतही ओळखेन. आमची मोरी! आमच्या भिंतीतली गळती! याकरता प्लंबर नाही, याकरता सदऱ्यांना ओल! लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून सांगत होतो, "भिंत आमची आहे. बायको पण." ओठ हलवायचे राहूनच गेले. पाठ असलेलं भाषण मी पहिल्यांदा ऐकलं हो.

पुढे प्रश्न काय, गर्दी काय! रिमलेस आजोबा कुठल्याशा मोठ्या मंडळाचे प्रमुख निघाले, म्हणाले, "बाई, पुढच्या परिषदेचं मुख्य भाषण तुमचं." आणि माझ्याकडे वळून, छत्रीकडे बोट दाखवून, "हे संयोजन फार आवडलं."

परवा रीतसर आमंत्रण आलं. हिचं नाव सोनेरी अक्षरांत! मी चष्मा पुसून वाचलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं, नंबर तपासायलासुद्धा आता तेच धरतो समोर. आणि खाली, सगळ्यात शेवटी, त्या बारीक अक्षरांत एक ओळ आहे, "सोबत पिवळी छत्री आणावी."

म्हणजे बघा, आता तिच्या सोबत छत्री. आणि मी? मी आपला... छत्रीच्या सोबत.