खांद्यावर दोन बोटं

— नाही गं, गुडघा ठीक आहे माझा, तू कशाला उठतेस, बस की. गुडघा दुखतो असं मी त्या दोघींना सांगितलं — तुला कशाला खोटं सांगू, तू कोण, मी कोण! गेन्या आणि बोगुशा, माझ्या मैत्रिणी — म्हणजे पाबियानित्सेच्या कापड गिरणीतल्या, माझ्या हाताखालच्या — त्या गेल्यात मोठ्या चौकात. मी मुद्दाम इथे बाकावर मागे राहिले. का म्हणशील, तर तिथे फुलवाल्या बसतात ना ओळीनं — म्हटलं, घेऊ देत निवांत, माझ्यासमोर कशी घेतील? हा डबा? सफरचंदाचा केक आहे. बसमध्ये सबंध वाट मांडीवर घेऊन बसलेय. गेन्या म्हणाली, "मुकादमबाई, बाँब आहे की काय त्यात?" हसले मी. काय करणार?

आज माझ्या नावाचा दिवस. तुम्ही हल्लीची पोरं वाढदिवस करता — आमच्या वयाच्या बायकांना नावाचाच दिवस मोठा. आणि बोलावणं करायचं नसतं, ठाऊक आहे ना? कॅलेंडरवर त्या तारखेला आपलं नाव छापलेलं असतं — ज्याला आठवेल तो येईल. आपण केक करायचा, कप मांडायचे, आणि बघत नाही असं दाखवत दाराकडे बघत बसायचं. स्वतः तोंडानं सांगितलं की संपलं — मग ते येणं कसलं, कीव ती. झेनोन होता — माझा नवरा — तेव्हा घरात उभं राहायला जागा नसायची. मी मिरवायची, बघा, मुकादमीण कडक असली तरी माणसं विसरत नाहीत! तो गेला, आणि गेल्या वर्षी कप मांडले तसेच राहिले. एक माणूस नाही आलं. मग शेजारीण जिन्यात भेटली तर म्हणते कशी — "झेनोन आदल्या दिवशी दार ठोठावून आठवण करून जायचा ना, आता राहूनच जातं हो." मी कचऱ्याची बादली घेऊन तिथेच उभी. अगं, इतकी वर्षं! दारोदार फिरायचा माणूस, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर नवल करायचा — "अरे देवा, आज काय ही गर्दी!"

तर या वर्षी म्हटलं, घरी बसायचंच नाही. क्राकोवची ही सहल मीच काढली. बोगुशानं विचारलं, पंधरा ऑक्टोबरच का? — म्हटलं, तेव्हा गर्दी कमी असते. तारीख स्वतःच्या तोंडानं म्हणाली बघ ती! आणि सकाळची गंमत ऐक. आमची गाईड — तुझ्याएवढीच, लाल टोपीवाली — तिचंही नाव याद्विगा. हो, माझंच. पोरगी स्वतःच सांगून मोकळी — "आज माझ्या नावाचा दिवस आहे हं, मला सांभाळून घ्या!" झालं, अख्ख्या बसनं तिच्यासाठी गाणं म्हटलं. मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं. मग वर वावेलच्या टेकडीवर, चर्चमधल्या राणी याद्विगाच्या थडग्याशी, गेन्या डोळे पुसत म्हणते, "काय गोड नाव, नाही का मुकादमबाई?" — मी म्हटलं, हो, गोड आहे.

दुष्ट नाहीत गं त्या. मागांच्या खडखडाटात नाव ऐकू जातंय कुणाला! खुणेनं बोलायचो आम्ही — खांद्यावर दोन बोटं आपटली की मुकादमीण. त्यातच जन्म गेला. आणि मीही कधी म्हटलं नाही, की बायांनो, मला नावानं हाक मारा — तेव्हा तोरा होता ना! बोगुशाला माझं नाव माहीत तरी आहे का... हे बघ, आत्ता तुझ्याशी बोलता बोलता आलं मनात. नाही नाही, असेल. माहीत असेल. नाहीतर एवढा वेळ लागला असता का चौकात? फुलं निवडायची म्हणजे वेळ लागतोच.

त्या बघ, आल्या! झाडांखालून — हातात काय आहे गं? माझा चष्मा बसमध्ये राहिला, तूच सांग. तीळ लावलेली पावाची कडी? दोघींच्या हातात? आणि फुलं — नीट बघ ना, पिशवीत, पाठीमागे लपवलीत का — बरं. बरं, असू दे. बोगुशानं खूण केली ना आत्ता? खांद्यावर दोन बोटं? तेवढं दिसतं मला चष्म्याशिवाय. आले गं, आले!

हा डबा तू ठेव. — ठेव म्हणते ना! परत नेला तर विचारतील, कशासाठी केला होता. उद्या खा, उद्या जास्त चांगला लागतो. — नाही, शुभेच्छा नकोत. सांगून घेतलेल्या शुभेच्छा मी धरत नाही... काय? — नुसतं नाव? — झेनोन याजा म्हणायचा. याद्विगाची याजा. — म्हण. हळू म्हण, त्या जवळ यायच्या आत.

...

हं. — जा आता, डबा घेऊन. ऊठ, जा म्हणते ना!