सासरेबुवांची सावली

...अहो पण बाजूला व्हा म्हणायचं कसं, ते सांगा ना! दुसरं कोणी असतं तर म्हटलंच असतं की! शाळेत भूगोल शिकवतो मी, दिवसभर तोंडात तेच, ‘ए लंबू, बाजूला हो, मागच्यांना फळा दिसत नाही!’ पण समोर साक्षात सासरा... सासऱ्याला बाजूला व्हा म्हणणारा जावई बघितलाय तुम्ही? असला तर दाखवा, पाय धरतो त्याचे!

थांबा, नीट सांगतो. आमचं घर वस्तीबाहेर, टेकडीच्या उतारावर. हौसेनं बांधलं. हवा छान, शांतता छान, आणि वीज नाही! म्हणजे पाणी कसं, तर खालच्या हौदातून बादलीनं काढायचं आणि शिडीवरून गच्चीवरच्या टाकीत ओतायचं. सकाळी मी ओततो, दुपारी बायको ओतते. आणि सासरेबुवांनी नेमकं कधी यावं? ती शिडीच्या मधल्या पायरीवर, हातात भरलेली बादली... तेव्हाच!

बरं, सासरेबुवा म्हणजे वीज खात्यातले लाइनमन. जन्म खांबावर गेला. रिटायर झाले तरी खिशात टेस्टर! कुणाच्याही घरी गेले की आधी बटण दाबून बघणार, मग पाणी पिणार. इथं बटणच नाही! दारातूनच म्हणाले, ‘जावईबापू, जगाला उजेड दिला मी, आणि माझी लेक अंधारात पाणी वाहतेय?’

म्हटलं, ‘बाबा, सोलर आणलंय, आजच लावतो.’ तर म्हणाले, ‘लावा. संध्याकाळपर्यंत टाकी भरली तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर लेक माझ्याबरोबर येईल, लाइन येईपर्यंत!’

मी बायकोकडे बघितलं. वाटलं, म्हणेल, ‘बाबा, काहीतरीच काय!’ तर ती हळूच म्हणाली, ‘अहो, खरं सांगू? जाईन मी थोडे दिवस. खांदे भरून येतात हो रोज.’

संपलं! ती नसली तर त्या छान हवेला काय चाटायचंय?

पॅनल बाहेर काढलं. घडीचं हो, ब्रीफकेसएवढं! उघडलं की एक पान, दुसरं, तिसरं, चौथं... मागे टेकू लावून अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं, वायर पंपाला, पंप हौदात, पाइप टाकीत. बायको गच्चीवर टाकीत डोकावून उभी. सासरेबुवांनी इकडे रबरी हातमोजे चढवले!

‘मेन स्विच कुठाय?’

मी वर बोट दाखवलं. सूर्याकडे.

‘चेष्टा करता?’

‘नाही हो बाबा, खरंच तोच...’

‘म्हणजे लाइन कायम चालू? मग बंद कोणी करायची?’

तेवढ्यात... घूंऽऽऽ! पाइप फुसफुसला, थरथरला, आणि वरून बायको ओरडली, ‘आलं! अहो, आलं!’

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. धूर नाही, इंजिन नाही, तेल नाही... अंगणात एक घडी उघडून ठेवलीय आणि पाणी आपलं उलटं वर चढतंय! अहो, सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरं पाठ करतात, मी मार्क देतो. पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलंच नव्हतं हो! तिथून निघालं ते थेट आमच्या टाकीत!

सासरेबुवांना राहवेना. पुढे झाले, वाकून बघायला लागले... घूंऽ... घुं... घु.

‘थांबलं!’ वरून.

‘बघा! बेभरवशाचं!’ म्हणून ते मागे सरले. घूंऽऽऽ!

‘आलं!’

‘आं?’ पुन्हा वाकले.

‘थांबलं!’

आलं ना लक्षात? देह हा असा आडवातिडवा, सावली बरोब्बर चारही पानांवर! एका कोपऱ्यावर पडली तरी पंप मलूल होतो, इथं तर ग्रहणच! पण बाजूला व्हा म्हणायचं कसं? म्हटलं, ‘बाबा, आत चहा घेऊ या?’ ‘इथंच आणा.’ ‘बाबा, ऊन लागेल...’ ‘जन्म उन्हात गेला माझा!’ ऊन उतरायला लागलं, टाकी अर्धी, सासरेबुवा पॅनलपुढे कमरेवर हात ठेवून घट्ट उभे. आणि गच्चीवरून आवाज आला, ‘अहो, माझी बॅग माळ्यावरच आहे ना?’

डोळे मिटले आणि वर्गातल्या आवाजात ओरडलो, ‘बाबा! बाजूला व्हा! फळा दिसत नाहीये!’

फळा! बोंबला!

सासरेबुवा सावकाश वळले. ‘कोणाला दिसत नाहीये?’

‘सू... सूर्याला.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर बघितलं. मग स्वतःच्या सावलीकडे. बाजूला झाले. घूंऽऽऽ! नुसता हात पुढे केला. ‘थांबलं!’ काढला. ‘आलं!’ पुन्हा केला, पुन्हा काढला... लहान पोरासारखे हो! शेवटी बायको वैतागली, ‘अहो, चाललंय काय खाली?’

त्यांनी हातमोजे काढले. ‘जावईबापू, एक लाइन बंद करायला मी भर वादळात खांबावर चढायचो. घरी हिची आई दारात उभी राहायची, मी परत येईपर्यंत. आणि इथं... नुसता हात आडवा केला की बंद?’ आणि टोपी काढून बघत राहिले हो वर, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. उन्हानं आलं म्हणाले. मी हो म्हटलं.

दिवस मावळायच्या आत टाकी भरून वाहिली, बायको शिडीवर चिंब, आणि हसतेय अशी की शिडी हलत होती!

राहिली ती. पण सासरेबुवाही राहिले! पॅनलशेजारी खुर्ची टाकून बसतात, ऊन सरकलं की पॅनल सरकवतात, कावळ्यावर खेकसतात. मी अंगणातून जायचं तर परवानगी! आणि परवा काय झालं, खात्याची माणसं आली, लाइन मंजूर, गाडीत खांब! मी आनंदानं नाचायच्या बेतात, तर सासरेबुवा फाटकात आडवे. ‘खांब? इथं? सावली कुठं पडेल कळतंय का?’

साहेब बिचारा माझ्याकडे वळला. ‘मास्तर, सासरे ना तुमचे? सांगा की, बाजूला व्हा म्हणून!’

म्हटलं, ‘साहेब, एकदा झालंय ते माझ्या हातून. आयुष्यात दोनदा नाही होत... तुम्ही खांब घेऊन जा.’