उंदरांना माझा हात ठाऊक आहे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष प्राचार्य डॉ. अभय सर, व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी, सहकारी, विद्यार्थी आणि मागच्या रांगेत बसलेले माझे घरचे लोक,

निवृत्तीची शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. ‘बाई कडक, पण मनानं मऊ’ असं काहींनी सांगितलं. त्यांना नम्रपणे सांगते, मी कडकच आहे. सर्वांची आभारी आहे. आता कामाचं बोलते.

आपल्या प्राणीगृहात आपण उंदरांना ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं दिली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाले अंगानं भरले आणि त्यांच्या रक्तातली साखर चढली. मग इंजेक्शनं थांबवली. आता एकच प्रश्न उरलाय. ती साखर पुन्हा उतरते का? शेवटची रक्ततपासणी पुढच्या महिन्यात आहे.

हा प्रश्न माझ्या घरातही आहे. माझी धाकटी बहीण करुणा, तिचा मुलगा इंद्रजीत. बजाजनगरला जिममध्ये शरीर कमावतो. तिथं कुणीतरी त्याला हेच इंजेक्शन टोचून घ्यायला शिकवलं. साखर चढली, डॉक्टरांनी झापलं, सुई बंद झाली. आता स्पर्धा आली, तर पुन्हा सुरू करायला निघालाय. म्हणतो, “मावशी, बंद केलं की उतरते. सगळ्या पोरांची उतरते.”

मी म्हटलं, माझे उंदीर काय सांगतात ते बघू.

“मी काय उंदीर हाय का?” हसला. मग म्हणाला, “बरं, त्यांची नाय उतरली तर सोडतो. तवर सुईला हात लावत नाय.”

एवढ्या शब्दावर माझी बहीण तग धरून आहे. रोज फोन करते, “ताई, तुझी पोरं काय म्हणतात गं?” उंदरांना ती आता माझी पोरं म्हणते.

उद्यापासून मला प्राणीगृहात प्रवेश नाही. नियमाप्रमाणे मी काम माझ्या जागी आलेल्या श्रेयाकडे सोपवलं. श्रेया, तू हुशार आहेस, तुझा दोष नाही. पण परवा तू उंदीर धरलेस आणि काय झालं? मिठाच्या पाण्यावरच्या उंदरांचीसुद्धा साखर चढली. जनावर अनोळखी हाताला घाबरतं आणि भीतीनं रक्त बदलतं. चार्ज शेवटच्या आठवड्यात द्यायची आपली पद्धत. फायलींना ती चालते, उंदरांना चालत नाही.

सर, मला मानधन नको, पद नको. शेवटचं रक्त घेईपर्यंत सकाळी येऊ द्या. साखर उतरलेली निघाली, तर तेही मी इंद्रजीतला खरंच सांगेन. मग तो पुन्हा सुई उचलेल, हे मला कळतंय. तरी आकडा बदलणार नाही. निदान तो आकडा खरा मिळू द्या.

काय म्हणालात? कमिटीपुढे ठेवू? कमिटी दिवाळीनंतर बसते, सर, तोवर रक्ततपासणी होऊन जाईल. हसू नका कुणी. इंद्रजीत इथंच आहे, आईच्या शेजारी. तो ऐकतोय. प्रयोग फिसकटला की त्याचा शब्दही सुटला. दुसरा शब्द कुठून आणू मी?

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. सत्कार घेऊन वर मागणं मागायचं, हे रीतीला धरून नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर थोरांनी आणि लहानांनीही मोठं मन करावं.

सर, नुसती मान हलवू नका. माइक घ्या आणि इंद्रजीतला ऐकू जाईल असं हो म्हणा. तोपर्यंत मी खाली बसत नाही.