उजेडापाशी अडलेले आमचे हे

...आणि वर मलाच विचारतात, "तुला पटतं का गं?" काय पटायचंय? हातात मुळा, समोर सोललेल्या मुळ्यांचा डोंगर, तेव्हा होओनकोचा उत्सव तोंडावर, म्हणजे आमच्या पंथाच्या गुरूंची पुण्यतिथी, अख्ख्या गावाची पंगत आमच्या स्वयंपाकघरातून उठायची, आणि आमचे हे, देवळाचे गुरुजी, दारात उभे, अंगात काळी कफनी, चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत, आणि म्हणतात काय, "आधी काहीच नव्हतं, हे तुला पटतं का?" आधी म्हणजे कधी? न्याहारीच्या आधी? नाही, विश्वाच्या आधी! अहो, लग्न होऊन या बुद्धाच्या देवळात आले तेव्हापासून ह्या माणसाने "आज सूप खारट झालं होतं का" एवढंसुद्धा मला कधी विचारलं नाही, आणि विचारायला घेतलं ते एकदम विश्वच. आधी काही नव्हतं म्हणे! मग हे मुळे कोणी पेरले?

तुम्हाला सांगते, हे सगळं त्या कुरामोचीसाहेबांनी आणलं. माणूस वाईट नाही, उगाच कशाला बोलू. आमच्याकडे हिदाच्या डोंगरात पूर्वी खाण होती, ती बंद पडली, आणि आता त्या डोंगराच्या पोटात शास्त्रज्ञ लोक बसतात. कशाला? तर आकाश बघायला! जमिनीखाली जाऊन! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी थट्टा चाललीय. तर हे साहेब तिथे कामाला, आणि राहायला आमच्या देवळामागच्या दोन खोल्यांत. शहाणा, शांत, जोडे सरळ काढून ठेवणारा, लोणचं मागून घेणारा... मला तर आवडला होता. ह्यांच्याशी सोंगट्यांचा डाव मांडायचा, हरायचा, जेवायला बसायचा. आणि एके दिवशी जेवताजेवता ह्यांनीच विषय काढला. "तुम्ही तिथे खाली बसून शोधता काय?" झालं!

साहेब बोलतात कसे, तर प्रत्येक शब्द आधी तपासून, मग पुसून, मग ताटात वाढल्यासारखा. "म्हणजे... नेमकं सांगायचं तर... हे सगळं एकेकाळी तिळाहूनही लहान होतं." हे खूश! "आणि त्याच्या आधी?" "त्याच्या आधी... 'आधी' म्हणायलासुद्धा काळ लागतो, आणि काळच तेव्हा सुरू झाला, असं काही जण मानतात." "म्हणजे काहीच नव्हतं?" "नव्हतं, असंही... नेमकं... म्हणता येत नाही." ह्यांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, अहो, हे तर आमच्या धर्मात केव्हाचं आहे, सुरुवात शोधत बसू नका म्हणून! आणि मला म्हणाले, बघ, विज्ञान आत्ता आपल्या दारात पोचलं. इतके आनंदले की लाल सलगमचं लोणचं संपवून टाकलं, पाहुण्याला एक फोड राहिली नाही. मी म्हटलं चला, विश्वाची सोय लागली, आता भांडी घासते.

पण गप्प बसतील तर ते आमचे हे कसले! दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न. "आणि शेवटी काय होणार?" आता तुम्हीच सांगा, जेवणाच्या पाटावर हे विचारायचं असतं का? साहेबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाले, सध्याचा हिशेब असा आहे की सगळं एकमेकांपासून लांब लांब जात राहील, तारे एकेक करून विझतील, आणि मग नुसता गारठा आणि अंधार. ह्यांनी हळूच विचारलं, "उजेड?" "उजेड नाही. आणि तसं बघितलं तर उजेड सुरुवातीलाही मोकळा नव्हता, बराच काळ सगळ्या त्या तापलेल्या गर्दीत अडकून पडला होता. उजेड मधेच कधीतरी सुटला. आणि मधेच कधीतरी संपेल."

ह्यांनी लोणचं परत ठेवलं. घेतलेली फोड, परत!

तुमच्याकडे कुठल्या पंथाचं देऊळ आहे मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे सगळा कारभार चालतो तो अमिताभ बुद्धाच्या नावावर. आणि अमिताभ म्हणजे काय? ज्याच्या उजेडाला अंत नाही तो! माणूस मेला की तो उजेड त्याला उचलून थेट सुखावतीत, म्हणजे त्याच्या स्वर्गात, नेतो, मधे थांबा नाही, चौकशी नाही. हेच आमचे हे रोज पहाटे म्हणतात, ह्यांचे वडील म्हणत, त्यांचे वडील म्हणत. भिंतीच्या अलीकडे माझं स्वयंपाकघर, त्यामुळे घड्याळ मी कधी बघितलंच नाही, ह्यांचा स्तोत्राचा आवाज वर चढला की भाताखालचा विस्तव कमी करायचा, खाली उतरला की सुपात तोफू सोडायचा. आणि त्या सकाळी स्तोत्र सुरू झालं, पहिली ओळ झाली, दुसऱ्या ओळीत 'अमर्याद प्रकाश' येतो... आणि आवाज बंद. मी पळी धरून उभी. मला वाटलं खोकला आला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच शब्दाला बंद. तिसऱ्यांदा तेच. इकडे सूप उतू गेलं, भात करपला, आणि तिकडे बुद्धापुढे आमचे हे नुसते बसलेले, तोंड उघडं, शब्द नाही. आधी काही नव्हतं म्हणे! अहो पण माझा भात होता ना!

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते आधी. पण रोज पहाटे जेव्हा ती शांतता भिंतीपलीकडून यायला लागली ना... मला भीती वाटायला लागली. ह्यांना बाकी येतं काय? गाडी चालवता येत नाही, खिळा ठोकता येत नाही. एक शब्द म्हणता यायचा, तोही गेला.

आणि अशात शिगे आजींचे यजमान गेले. मासाकिचीआजोबा. सरळ, गरीब माणूस, जन्मभर लाकडं तोडली. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी त्यांच्या घरी, सगळे नातलग गुडघे मुडपून बसलेले, आणि स्तोत्रानंतर चार शब्द बोलायचे असतात. स्तोत्र कसंबसं झालं, त्या शब्दाला ह्यांनी घंटा जोरात वाजवून घेतली, मी ओळखलं, बाकी कुणी नाही. पण मग बोलायला लागले! त्या घरात काय बोलायचं? मासाकिची सुखावतीत आहेत, नामस्मरण करा, चहा घ्या, एवढंच ना? तर ह्यांनी तिळापासून सुरुवात केली. तीळ, मग तो फुगला, मग तारे, मग तारे विझले, मग गारठा, मग अंधार... लोक माना डोलावतायत, कारण गुरुजी बोलतायत म्हणजे मान डोलवायचीच असते. आणि शेवटी शिगे आजींनी विचारलं, "गुरुजी, मग आमच्या ह्यांना थंडी वाजेल का?"

नाही म्हणायचं! नाही! एवढासा शब्द! मी मागून ह्यांच्या कफनीचं टोक ओढलं. आणि आमचे हे... गप्प. मग कुणीतरी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन बघते तर मासाकिचींच्या अस्थींवरच्या दगडाला गरम पुडी चिकटवलेली! आपण हिवाळ्यात आतल्या कपड्यांवर पोटाशी चिकटवतो ना, तासन्‌तास गरम राहणारी, ती. दोन दिवसांनी शेजारच्या दगडाला. कारण शेजारच्या दगडाच्या सुनेचं म्हणणं, तिच्या नवऱ्याला ऊब, आणि आमचे सासरे काय उघडे पडलेत? मग काय विचारता! कुणी विणलेली टोपी आणली, कुणी गळपट्टा, एकीने तर गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली आणि वर दुलईत गुंडाळली. बर्फ पडला तेव्हा सगळं गाव पांढरं आणि आमचं स्मशान तेवढं ठिकठिकाणी वितळलेलं, दगडांना टोप्या, वाफ निघतेय... परगावचा टपालवाला आत आला आणि टपाल फाटकात टाकून पळाला. आणि संध्याकाळी ते सगळं ओलं झालेलं गोळा कोण करतं? मी! वाळत कोण घालतं? मी! मेलेल्यांच्या टोप्या माझ्या ओसरीत दोरीवर! आधी काही नव्हतं म्हणे, आता बघा किती आहे!

मग आले उशिमारु. आमच्या यजमान घरांचे, म्हणजे देवळाला पोसणाऱ्या घरांचे, प्रमुख, लाकडाची गिरणी चालवून चालवून कान गेलेले, त्यामुळे खासगी बोलणंसुद्धा दरीपलीकडे ऐकू जातं. बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "गुरुजी, आपल्या पंथात मेलेला माणूस त्याच क्षणी सुखावतीत जातो. त्याला थंडी वाजत नाही. त्याला थंडी तुम्ही लावलीत." हे म्हणाले, हो. "मग ती काढा." हे म्हणाले, मला येत नाही. उशिमारुंना ऐकू आलं नाही, मी ओरडून सांगितलं, "ह्यांना येत नाही म्हणतात!" स्वतःच्या तोंडाने, माझ्या नवऱ्याबद्दल, ओरडून! मग ते थोडे नरमले, पण बोलायचं ते बोललेच. डोंगरापलीकडच्या देवळातला धाकटा मुलगा रिकामा आहे, शिकलेला आहे, आवाज चांगला आहे. होओनकोला सगळं गाव येईल, तेव्हा गुरुजींनी नीट उत्तर द्यावं. नाहीतर यजमान घरं ह्यांच्या जागी त्याला बोलावतील. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, घर देवळाचं असतं, देऊळ यजमानांचं असतं. आमचं म्हणाल तर कपड्यांच्या पेट्या आणि एक मांजर.

मी तडक मागच्या खोल्यांत गेले. साहेब शेगडीशी काहीतरी कागद बघत होते. मी म्हटलं, "साहेब, तुमचं विश्व परत घ्या." ते उठून उभे राहिले, वाकले, आणखी वाकले, कपाळ चटईला टेकायला आलं. "काकू, मी नेमकं असं म्हणालो होतो की सध्याचा हिशेब असा आहे. तो बदलू शकतो. याआधी बदललाय. सुरुवातीच्या आधीचं तर आम्हाला काहीच माहीत नाही." मी म्हटलं, मग हे ह्यांना का नाही सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं होतं. पण गुरुजींना ज्या गोष्टीची भीती वाटत होती तेवढीच ऐकू आली." आणि मग म्हणाले, "मलाही तेवढीच ऐकू येते कधीकधी. म्हणूनच मी रोज तुमच्याकडे जेवायला येतो." आता याच्यावर काय भांडायचं? मी भांडायला गेलेली बाई, वाटीभर लाल चवळीचं सार देऊन परत आले.

होओनकोचा दिवस उजाडला. सभागृहात पाय ठेवायला जागा नाही, उत्सवापेक्षा गुरुजी काय बोलतात ते बघायला जास्त गर्दी. डोंगरापलीकडचा तो धाकटाही आलेला, दुसऱ्या रांगेत, गुळगुळीत डोकं, देखणा मेला. मी सगळं सोडून दारात उभी, मुळे शिजताहेत का करपताहेत देव जाणे. हे समोर बसले. मग म्हणाले, "आधी काय होतं, मला माहीत नाही. शेवटी काय राहील, तेही माहीत नाही. शिगे आजी, तुम्ही मला विचारलंत आणि मी गप्प बसलो. उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली. मला माफ करा." आणि वाकले.

संपलं, मी म्हटलं. पेट्या बांधा, मांजर शोधा.

शिगे आजी जागेवरूनच बोलल्या. "गुरुजी, ते तुम्हाला कुठून माहीत असणार? ते सुखावतीत आहेत, माझा विश्वास आहे. ती पुडी त्यांच्यासाठी नाही हो. मी सकाळी दगडाला हात लावते ना, तो फार गार लागायचा. आता कोमट लागतो. त्यांचा हात असायचा तसा."

त्या शेजारच्या दगडाच्या सुनेने मान खाली घातली. मी... मी काय, मला मुळ्यांचा वाफारा डोळ्यांत गेला असं म्हणाले सगळ्यांना, दारापर्यंत वाफ येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि ह्यांनी स्तोत्र सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. आला तो शब्द... आणि आवाज बंद! पण स्तोत्र थांबलंच नाही! अहो, आमच्याकडे पोराटोरांना ते पाठ असतं, गुरुजी थांबले म्हणून गाव कशाला थांबेल? सगळं सभागृह 'अमर्याद प्रकाश' म्हणून पुढे गेलं, आणि सगळ्यांच्या वर उशिमारु, कारण त्यांना ह्यांचा आवाज बंद झालाय हे ऐकूच आलं नव्हतं! भसाडा, बेसूर, पण इतका ठाम की बस्स. दोन ओळींनी हे मागून येऊन मिळाले. धाकट्याने जेवून दोनदा मुळे मागून घेतले आणि आपल्या डोंगरापलीकडे गेला. उशिमारु जाताना म्हणाले, "गुरुजी, आज छान म्हणालात." आता त्यांना काय सांगायचं?

तर देऊळ राहिलं, घर राहिलं. पण तो शब्द काही परत आला नाही, बरं का! मला वाटलं होतं येईल. नाही. अजून रोज पहाटे हे त्याच जागी अडतात, आणि पहाटे गाव कुठून आणू? म्हणून आता मी जाते. भात शेगडीवर टाकून, विस्तव बारीक करून, ह्यांच्या मागे जाऊन बसते. पहिली ओळ ते म्हणतात, तो शब्द आला की मी म्हणते, पुढे पुन्हा ते सांभाळतात. आधी काही नव्हतं म्हणे, शेवटी काही राहणार नाही म्हणे... ते तुम्ही आणि साहेब काय ते ठरवा. मधल्या काळात बुद्धाचा तो अमर्याद प्रकाश रोज पहाटे एकट्या माझ्या गळ्यावर चाललाय, आणि कालपासून माझा घसा बसलाय.